चिमुकले जुळारी

मुलांना लिहावयास शिकविणे आणि मुलांना लिहू देणे, या दोन गोष्टी आपण सामान्यतः एकच समजतो. अक्षर वळणदार झाले, शुद्धलेखन सुधारले, नेमून दिलेल्या विषयावर दहा ओळी उतरल्या, म्हणजे मूल लिहू लागले अशी आपली समजूत. परंतु त्या दहा ओळींत ते मूल स्वतः कोठे असते? फ्रान्सच्या दक्षिणेकडील एका खेड्यातील शिक्षकाने हा प्रश्न मनापासून विचारला आणि त्याच्या उत्तरापायी पुढे त्याला आपली शाळा सोडावी लागली. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने.

फ्रेनेचा जन्म १८९६ सालचा. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जबर जखम झाली. १९२० साली बार-सुर-लू या गावच्या शाळेत तो रुजू झाला, तेव्हा वर्गापुढे फार वेळ बोलण्याइतका दमही त्याच्या छातीत उरला नव्हता. गुरुजींनी बोलावे व मुलांनी ऐकावे, ही चाललेली रीत त्याला शरीरानेच नाकारली. मग तो मुलांना घेऊन शेतांतून आणि कारागिरांच्या दुकानांवरून हिंडू लागला. परत आल्यावर मुले पाहिलेले सांगत, तो ते फळ्यावर लिही, आणि आपलेच बोलणे मुले आनंदाने वाचीत. पण पुढच्याच तासाला पाठ्यपुस्तक उघडावे लागे. त्यातील परक्या वाक्यांशी मुलांच्या जगाचा काडीइतकाही संबंध नसे, आणि वर्गावरची कळा लगेच उतरे.

१९२४ साली त्याने एक लहानसे हातछापयंत्र मिळविले. मुलांनी आपला मजकूर स्वतः लिहावा, वर्गात वाचून दाखवावा, सर्वांनी मते देऊन एक निवडावा, लेखकाच्या देखत तो नीट करावा, आणि मग शिशाचे खिळे एकेक करून जुळवावेत, असा क्रम पडला. खिळे जुळविताना प्रत्येक अक्षर उलटे बोटांत धरावे लागते. चुकीचे अक्षर तेथे तांबड्या शाईने दाखवावे लागत नाही, ते छापलेल्या कागदावर आपणच दिसते. शुद्धलेखनाचा धाक जाऊन त्याचे प्रयोजन मुलांना कळले.

याहून मोठी गोष्ट वाचकाची. लवकरच अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी छापील पानांची देवघेव सुरू झाली. गुरुजींना ऑलिव्हचे झाड ठाऊकच असते. त्यांच्यासाठी त्याचे वर्णन करणे हा केवळ उपचार. परंतु समुद्रकाठच्या अनोळखी मुलाला ते सांगावयाचे, तर आधी स्वतः निरखून पाहिले पाहिजे. ज्याला खरोखर ऐकावयाचे आहे असा कोणी भेटला, की मुलाला स्वतःचा शब्द सापडतो. फ्रेनेच्या प्रयोगाचे हेच सार आहे.

मात्र मुलाचा स्वतःचा शब्द नेहमी गोडच असतो असे नाही. १९२८ साली फ्रेने साँ-पॉल या गावी गेला. तेथील शाळेची स्थिती वाईट होती, आणि सामानासाठी नगरपालिकेशी त्याचा झगडा चालू होता. त्याच्या साम्यवादी मतांमुळे गावात त्याला वैरीही होते. अशात एका विद्यार्थ्याने आपले स्वप्न लिहिले: मुलांनी नगराध्यक्षाविरुद्ध बंड केले आणि त्या झटापटीत नगराध्यक्ष मारला गेला. हा मजकूर छापला गेला. १९३२ च्या अखेरीस विरोधकांनी गावच्या भिंतींवर फलक लावले. वृत्तपत्रांनी ते प्रकरण देशभर नेले. १९३३ च्या एप्रिलमध्ये शाळेच्या दारावर जमाव चालून आला. त्याच वर्षी फ्रेनेची बदली झाली. त्याने सरकारी नोकरीचा मार्ग सोडून १९३५ साली व्हाँसजवळ स्वतःची शाळा काढली. १९६६ साली तो वारला, तेव्हा त्याची पद्धत अनेक देशांत पोचली होती.

ते स्वप्न छापावयास नको होते, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. आणि बालकाचा मजकूर मोठ्यांच्या भांडणात सापडला, हे दुःखदच. परंतु तो कागद गुरुजींनी गुपचूप खणात टाकला असता, तर कोणते शब्द चालतात आणि कोणते चालत नाहीत, हे वर्गातील प्रत्येक मुलाने त्याच क्षणी ओळखले असते. पुढचे सर्व लेखन मग गुरुजींचा चेहरा पाहून झाले असते.

आपल्या घरी छापयंत्र नाही, आणि त्याची गरजही नाही. मावशीला लिहिलेले पत्र मुलाच्याच शब्दांत जाऊ द्यावे. 'साष्टांग नमस्कार, वि. वि.' हा मायना आपण सांगून त्याच्याकडून गिरवून घेऊ नये. त्यात कदाचित आपल्याविषयीची एखादी तक्रारही असेल. ती वाचून ज्यांना पाकीट बंद करवते, त्यांच्याच घरातील मुले लिहू लागतात.