महाराष्ट्राच्या सागरी मासेमारीतील मर्यादांचा इतिहास

इ. स. १८८३ मध्ये लंडन येथे भरलेल्या मत्स्योद्योग प्रदर्शनात टॉमस हक्स्ली या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते, की समुद्रातील मोठी मत्स्यक्षेत्रे बहुधा अक्षय असून मनुष्याच्या मासेमारीने त्यांत जाणवण्याजोगी घट होणार नाही. हा समज तत्कालीन राज्यकर्त्यांच्या कायद्यातही उतरलेला दिसतो. हिंदुस्थानात १८९७ साली झालेल्या मत्स्यविषयक अधिनियमाने सुरुंग व विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास बंदी घातली. परंतु समुद्रातून किती मासे काढावेत, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

कोकणकिनाऱ्यावरील कोळी समाजही ‘किती’ असे विचारीत नसे. ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर मात्र परंपरेने दिलेले होते. पाऊस तोंडावर आला, की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावर त्या पुन्हा पाण्यात लोटीत. या विरामाला आज कित्येक जण प्राचीन मत्स्यसंवर्धन म्हणतात. ते फारसे खरे नव्हे. खवळलेल्या समुद्रात शिडाच्या होडीचा निभाव लागत नसे, हे त्याचे उघड कारण होय. पुष्कळ जातींचा विणीचा काळ त्याच महिन्यांच्या आसपास येत असल्याने माशांना अभय मिळे, हा त्याचा आनुषंगिक लाभ. मर्यादा साधनाची होती. साधन बदलताच ती ढासळणार, हे ओघानेच आले.

स्वातंत्र्यानंतर सरकारी साहाय्य व सहकारी संस्था यांच्या द्वारे होड्यांना यंत्रे बसू लागली, सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, आणि कोळंबीला परदेशात गिऱ्हाईक मिळताच ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरले. लहान मच्छीमार व ट्रॉलरवाले यांच्यातील तंटे सत्तरीच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर इतके वाढले, की केंद्र सरकारने राज्यांसाठी एक नमुना विधेयक तयार केले. त्याच धर्तीवर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली संमत झाला. कोणत्या क्षेत्रात कोणत्या वर्गाच्या नौकांनी जावे, नौका किती असाव्यात, कोणत्या जाती कोणत्या काळात धरू नयेत आणि कोणती जाळी वापरू नयेत, हे ठरविण्याचा अधिकार अशा कायद्यांनी सरकारास दिला. वजनाचा हिशेब त्यांच्या केंद्रस्थानी नव्हता. कायदा जन्मला तो तंटा मिटविण्यासाठी. माशांचे संरक्षण ही त्याची दुसरी चिंता होती.

वजनाचा हिशेब धरला गेला नाही, याचे एक कारण शब्दातही शोधता येईल. मत्स्यशास्त्रातील संज्ञेसाठी मराठीत ‘साठा’ हा शब्द रूढ झाला. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या कापूस-ज्वारीच्या मुलखातील वाचकास साठा म्हटले, की पेवातील धान्य आठवेल. ते मोजता येते, आणि काढले तेवढे कमी होते. समुद्रातील साठा दिसत नाही, स्वतः वाढतो, आणि ठराविक प्रमाणातच काढला तर पुन्हा भरून येतो. १९५० नंतरच्या दशकात शेफर आणि बेव्हर्टन व होल्ट यांनी हे प्रमाण गणिताने काढण्याच्या रीती बसविल्या. न्यूझीलंडने १९८६ पासून अशा गणिताच्या आधारे मच्छीमारांना वजनाचे वाटे नेमून दिले. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशालाही वजनाची मर्यादा होती. ती चुकीच्या अंदाजावर बेतलेली निघाली आणि १९९२ मध्ये ती मासेमारीच बंद करावी लागली. एकाच जातीच्या माशाची ही कथा. मग ज्या किनाऱ्यावर एकाच ओढीत बोंबील, जवळा, मांदेली व पापलेटची पिल्ले एकत्र येतात आणि मासळी शेकडो गावांत उतरते, तेथे प्रत्येक जातीच्या वजनाचा हिशेब कोणी व कोठे ठेवावा? या अडचणीपुढे महाराष्ट्राने काळ, साधन व माप यांचाच आश्रय घेतला, हे समजण्याजोगे आहे.

काळाची मर्यादा प्रथम परंपरेशी जुळवून घेतलेली होती. बंदी उठण्यासाठी नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जो दिवस आधी येईल तो धरीत. तिथी व तारीख एकाच आदेशात नांदण्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. २०१५ मध्ये पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरसकट बंदी ठरली आणि तिथी मागे पडली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांना व हंगामाला आळा घातला. पुढे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी निश्चित झाली. त्याच वर्षी ज्याला राज्यमाशाचा मान मिळाला, त्या रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे.

या मापाची खरी कसोटी ट्रॉलरवर नव्हे, तर डोल जाळ्यावर लागते. डोल ही ठाणे-पालघर-मुंबईकडील कोळ्यांची जुनी रीत. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे राहते. त्याचा मागचा भाग बारीक आसाचा असतो, कारण जवळा त्याशिवाय हाती लागत नाही. प्रवाह जे आणील ते त्यात शिरते. बोटभर पापलेट होडीवर येते तेव्हा बहुधा मेलेले असते. पट्टीने मोजून ते परत टाकले तरी समुद्राच्या कामी येत नाही. विकले तर अपराध होतो, फेकले तर कमाई बुडते. आस मोठा केला तर जवळा निसटतो, आणि त्याबरोबर जवळा सुकवून विकणाऱ्या बायकांचा बाजारही.