सिंकिंग ऑफ द लूसिटेनिया, द

अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅके याचा मूक व्यंगपट (१९१८). ७ मे १९१५ रोजी ‘लूसिटेनिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक जर्मन पाणबुडीने बुडविले. अवघ्या १८ मिनिटांत ते तळाशी गेले आणि सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शंभरावर अमेरिकन होते. या घटनेचे चित्रण कोणत्याही कॅमेऱ्याने केले नव्हते. ती उणीव रेखाटनांनी भरून काढण्याचे मॅकेने ठरविले.

मॅके त्या वेळी विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रांत नोकरीस होता. अमेरिकेने युद्धात पडू नये, असे हर्स्टचे धोरण असल्याने त्यास पोषक व्यंगचित्रे काढणे मॅकेला भाग होते. व्यंगपटाचे काम त्याने फावल्या वेळात व स्वखर्चाने केले. ‘गर्टी द डायनोसॉर’ (१९१४) या त्याच्या आधीच्या व्यंगपटात प्रत्येक चित्राबरोबर पार्श्वभूमीही नव्याने काढावी लागली होती; येथे त्याने प्रथमच पारदर्शक सेल्युलॉइडचे ताव वापरले, त्यामुळे एकच पार्श्वभूमी अनेक चित्रांना पुरली. तरीही सुमारे २५,००० चित्रे काढण्यात २२ महिने गेले. जुलै १९१८ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरून सव्वा वर्ष लोटले होते.

सुमारे १२ मिनिटांच्या या व्यंगपटात विनोदाला थारा नाही. बरेचसे प्रसंग, एखाद्या वार्तापटाच्या छायाचित्रकाराने टिपावेत तसे, दुरून दिसतात : पडदा व्यापणारा धूर, कलंडणारे जहाज, उलटणाऱ्या होड्या आणि डेकवरून पाण्यात पडणाऱ्या ठिपक्यांएवढ्या माणसांच्या आकृती. अखेरीस बुडणारी एक माता आपले मूल लाटांवर धरू पाहते, तेवढेच काय ते उघड करुण दृश्य. चित्रांच्या या संयमाशी मधल्या लिखित मजकुराचा मेळ बसत नाही. तो जर्मनांविषयी उघड द्वेष चेतविणारा आहे. जहाजावर रायफलींची काडतुसेही होती, ही गोष्ट प्रेक्षकास कळत नाही. युद्धप्रचार म्हणून मजकूर भडक असणे समजण्याजोगे असले, तरी मजकुराविना चित्रे अधिक बोलली असती.

मॅकेला अपेक्षेइतके उत्पन्न यातून मिळाले नाही. उपलब्ध अनुबोधपर व्यंगपटांत हा सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदसूचीत त्याचा समावेश झाला.