ग्रीक अक्षरांचें भगिनीमंडळ

अमेरिकन कॉलेजांत मुलींचीं 'सोरॉरिटी' नांवाचीं भगिनीमंडळें असतात. ग्रीक अक्षरांचें नांव, गुप्त दीक्षाविधि आणि सामाईक बिऱ्हाड हा त्यांचा थाट. आमच्यासारख्या मास्तरांस तो प्रथमदर्शनीं पोरकट वाटतो. परंतु लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९२८ सालीं जपानी वंशाच्या विद्यार्थिनींनीं काढलेल्या 'काय आल्फा डेल्टा'ची हकीगत वाचतां आमचें हसूं मावळलें. (ह्या 'काय'मध्यें वाचकानें प्रश्न शोधूं नये; तें ग्रीक अक्षर आहे.) आशियाई वंशाच्या मुलींचें अमेरिकेंतील पहिलें मंडळ तें हेंच मानतात.

गोऱ्या मुलींच्या मंडळांचीं दारें त्यांस बंद होतीं. जपानांतून आलेल्या त्यांच्या आईबापांच्या पिढीस १९५२ पर्यंत कायद्यानें नागरिकत्व मिळत नव्हतें. तेथें जन्मलेल्या मुली मात्र नागरिक! तरी मंडळास त्यांनीं जपानी नांव दिलें नाहीं. हें निव्वळ अनुकरण, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो हक्क सांगण्याचा प्रकार दिसतो: ह्याच कॉलेजच्या आम्ही मुली, मग तुमचीं अक्षरें आमचीं कां नव्हेत?

१९४२ सालीं रूझवेल्ट ह्यांच्या हुकुमानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशीयांस छावण्यांत कोंडलें. त्यांपैकीं दोनतृतीयांश नागरिक होते. मंडळ अर्थातच बंद पडलें. १९४६ सालीं विद्यार्थिनींनीं तें पुन्हा उभें केलें, त्याच ग्रीक नांवानें. विद्यापीठाच्या वेस्टवुड भागांत तेव्हांहि घरांच्या खतांत गोऱ्यांवांचून इतरांस राहूं न देण्याच्या अटी होत्या. त्या अमलांत आणण्यास न्यायालयांस मनाई झाली ती १९४८ सालीं.