बाष्पक, बाष्पित्र, बॉयलर

डॉक्टर-वकिलांना सनद लागते, मेकॅनिकल इंजिनिअरला डिग्री पुरते, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. बॉयलरपाशी मात्र ते चालत नाही. कारखान्यातल्या बॉयलरचा एकूण हीटिंग सरफेस १००० चौरस मीटरच्या वर गेला, की तो 'बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर'च्या ताब्यात असावा लागतो. त्यासाठी सरकारी परीक्षा असते, लेखी आणि तोंडी. आमच्याकडे तिला नुसतं 'बीओई' म्हणतात. फलटण तालुक्यात नीरेच्या उजव्या कालव्यावर पिकणाऱ्या उसाच्या जिवावर चालणाऱ्या एका साखर कारखान्यात मी लागलो आणि दुसरा गळीत हंगाम संपल्यावर बीओईचा अभ्यास काढला.

पहिला प्रश्न, वाचायचं काय? हाती आला तो झेरॉक्सचा गठ्ठा. एका सीनियरने दुसऱ्याला दिलेला, त्याने तिसऱ्याला. काही पानं इतकी फिकट की आकृतीतला सेफ्टी व्हॉल्व्ह कुठला आणि चहाचा डाग कुठला ते कळू नये. पण गठ्ठा चाळताना त्याचं वय ओळखायची एक खूण सापडली. बॉयलरची व्याख्या बघायची. १९२३च्या मूळ कायद्यात पाच गॅलनपेक्षा मोठं, दाबाखाली वाफ तयार करणारं बंद भांडं म्हणजे बॉयलर. मेट्रिक मापं आल्यावर त्याचे झाले २२.७५ लिटर. २००७च्या दुरुस्तीने ते २५ लिटर केले. म्हणजे ज्या गाइडमध्ये २२.७५ छापलंय, ते २००७च्या आधीचं किंवा आधीच्यावरून उतरवलेलं. २०२५ मध्ये संसदेने १९२३चा कायदाच बदलून नवा आणला, त्यामुळे आता आणखी एक खूण मिळाली. गाइड घ्यायला दुकानात गेलात तर मुखपृष्ठावरचं 'लेटेस्ट एडिशन' सोडा, हे पान उघडा.

माझं मत असं की सुरुवात कायद्यापासूनच करावी. तो कंटाळवाणा आहे हे खरं, पण तो कुठून आला ते कळलं की डोक्यात राहतो. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले केले आणि शेवटी देशात सात वेगवेगळे कायदे आणि सात नियमावल्या झाल्या. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास व्हायचा. १९२० मध्ये समिती बसली, तिच्या अहवालावरून १९२३चा कायदा आला आणि पुढे १९५० मध्ये इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, म्हणजे आमचं 'आयबीआर'. प्लेट किती जाड, वेल्ड कसं तपासायचं, सगळं त्यात. गंमत म्हणजे साखरवाडीचा कारखाना १९३०च्या दशकात उभा राहिला तेव्हा फलटण संस्थान होतं. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये.

दुसरं पुस्तक पी. चट्टोपाध्याय यांचं, प्रश्नोत्तरांचं. बीओई देणारा बहुतेक प्रत्येक जण ते घेतो, घ्यावंच. पण ते पाठ करून भागत नाही, कारण आमच्या भट्टीत कोळसा नाही, बगॅस जळतो. निम्मं पाणी असलेलं हे जळण. त्याच्यासाठी एमिल ह्यूगो यांचं साखर अभियांत्रिकीचं जाडजूड हँडबुक बघावं लागतं. हा माणूस रीयुनियन बेटावरचा, हिंदी महासागरातल्या उसाच्या मुलखातला. कॉलेजच्या पुस्तकांत मात्र अजून लँकेशायर बॉयलर ठाण मांडून आहे. तो आला १८४४ मध्ये. मी त्याची आकृती चार वेळा काढली, प्रत्यक्षात एकदाही पाहिला नाही.

हे सगळं इंग्रजी. आमच्याकडे एक फायरमनकाका होते, सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट. फर्स्ट क्लासच्या परीक्षेला बसायचं म्हणत होते. "साहेब, मराठीत काय असंल तर बघा की," म्हणाले. मी शोधलं. परीक्षा घेणाऱ्या खात्याचं नाव 'बाष्पके संचालनालय', म्हणजे बॉयलर तो बाष्पक. विश्वकोशात पाहिलं, तर तिथे 'बाष्पित्र'. विश्वकोशाचं काम चालतं वाईला, आमच्याच सातारा जिल्ह्यात, तरी बॉयलरवरच्या माणसाशी त्या शब्दाची गाठ पडलेली नाही. हंगामाच्या सुरुवातीला चेअरमनसाहेब पूजा करून बॉयलर पेटवतात, तेव्हा पत्रिकेत 'अग्निप्रदीपन समारंभ' छापतात. बॉयलरपाशी शुद्ध मराठी येते ती तेवढीच. काका ऐकून म्हणाले, "आमच्या आजीचा बंब तरी बरा. बंब म्हटलं की कळायचं."

हा घोळ जुना आहे. १८२३ मध्ये जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन काढली. तिथली मुलं मराठी आणि गुजरातीतून शिकायची. चार्ल्स हटनचं गणित त्यासाठी मराठीत आणलं गेलं. आजही इंजिनिअरिंगचं मराठी पुस्तक शोधताना दमछाक होते, आणि हे दोनशे वर्षांपूर्वी झालेलं! १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये यावरून जुंपली. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, जर्व्हिस देशी भाषांच्या. नाना शंकरशेट जर्व्हिसबरोबर होते. वरचं शिक्षण अखेर इंग्रजीकडे गेलं. पेरींचंही अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्यूगो मला इंग्रजीमुळेच वाचता आला. पण त्या दिवसापासून यंत्रापाशी उभा राहणारा आणि यंत्राबद्दल लिहिणारा यांची पुस्तकं वेगळी झाली.

अटेंडंटची तोंडी परीक्षा मराठीत देता येत होती, पुस्तक तेवढं नव्हतं. मग आम्ही ऑफ-सीझनमध्ये वही केली. चट्टोपाध्यायांतला प्रश्न मी वाचायचा, काकांनी उत्तर सांगायचं, मी ते त्यांच्या शब्दांत लिहायचं. गेज ग्लासमधलं पाणी दिसेनासं झालं तर? माझ्या पुस्तकात त्याला सहा मुद्दे होते. काका म्हणाले, "पंप लावायचा नाही. आधी जाळ तोडायचा." तापून लाल झालेल्या नळ्यांवर पाणी गेलं तर काय होतं, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. उलट त्यांनीच पुढे घातलं, की ग्लासात पाणी दिसतंय म्हणून गप्प बसू नये. खालचा कॉक चोंदला असेल तर ते पाणी नुसतं अडकलेलं असतं. पाळीला आलं की पहिल्यांदा ग्लास ब्लो करून बघायचा, पाणी झटकन परत वर आलं पाहिजे. हे माझ्या पुस्तकातही होतं, पण पान १९०च्या पुढे. काकांनी ते पहिल्या पानावर घ्यायला लावलं.

वहीत बाष्पक नाही, बाष्पित्र नाही. 'बॉयलर', 'ग्लास', 'जाळ', 'भुसा', 'पाळी'. काका पास झाले, मीही झालो, वेगवेगळ्या वर्षी. माझ्या तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न पाणी कमी झालं तर काय कराल हा आला. मी जाळापासून सुरुवात केली.

वही आता तिसऱ्या माणसाकडे आहे, तीही झेरॉक्सच. त्याने मागच्या महिन्यात मोबाइलवर फोटो पाठवला. समासात नव्या कायद्याचं साल लिहिलंय आणि २५ लिटरखाली दोन रेघा मारल्यात.