नखुरडं : कष्टाच्या हाताचं जुनं दुखणं

मिरजोळ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज विषय आहे नखाचा. एवढंसं नख, त्याचा काय इतिहास? पण नखुरडं झालं की भाकरी थापता येत नाही आणि रात्रभर बोट ठणकतं. हे दुखणं आपल्या आज्या-पणज्यांच्याही आधीचं आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत ‘चिप्प’ नावाचा रोग सांगितला आहे. नखाजवळच्या मांसात वेदना, आग आणि मग पू. म्हणजे आपलं नखुरडंच. मार लागून काळं, खरखरीत झालेल्या नखाला तिथे ‘कुनख’ म्हटलंय. चिप्पावरचा उपाय काय? गरम पाण्याने शेकायचं आणि वैद्याने कापून पू काढायचा. शस्त्रांच्या यादीत नखासाठी वेगळं ‘नखशस्त्र’सुद्धा आहे.

आपल्या घरात मात्र लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालायची रीत पडली. कुणी शेण लावलं, कुणी सुईने टोचलं. पू आत राहिला तर तो बोटातून तळहातात उतरतो. तो हातात कोणत्या वाटेने पसरतो आणि कुठे कापावं, हे अमेरिकेतल्या शिकागोचे डॉक्टर ॲलन कॅनाव्हेल यांनी 1912 साली पुस्तकात मांडलं. तेव्हा जंतू मारणारं खात्रीचं औषध नव्हतं. बोटाच्या दुखण्याने हात जाई, कधी जीवही जाई. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. पुढे 1954 साली आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ पिंपरीला, सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. परदेशातून येणारं औषध आपल्याकडे बनू लागलं.

औषध आलं, पण कारणं तीच राहिली. तरवा काढताना आणि लावणीत दिवसभर चिखलात हात. मासळी साफ करताना बर्फाचं पाणी आणि काटे. ओले काजूगर काढताना बोटांना लागणारा चीक. शिवाय भांडी, धुणं. नखाच्या कडेची नाजूक कातडी भिजून सुटते आणि तिथून जंतू शिरतात. सतत ओल्या हाताला बुरशीही धरते. पायाच्या अंगठ्याचं नख कोपऱ्यात खोल कापलं, तर ते मांसात रुततं.

मग करायचं काय? सुरुवातीला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटं धरा, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर कोरडं पुसा. नख सरळ कापा, कडेची साल दातांनी ओढू नका. ओल्या कामाला हातमोजे घाला, ते आतून कोरडे असू द्या. पू दिसला, किंवा दोन दिवसांत उतार नाही पडला, तर आरोग्य केंद्रात जा. लाली हातावर चढत असेल, ताप आला, बोट वाकवता येईना, तर त्याच दिवशी. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी. काटा किंवा पत्रा लागला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका. मार न लागता नखावर काळी रेघ उमटली आणि ती वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मैत्रिणींनो, ‘लावणी उरकू दे, मग बघू’ असं आपण सगळ्याच म्हणतो. एक सकाळ मोडते म्हणून दवाखाना टाळतो आणि मग पंधरा दिवस हात गळ्यात अडकवून बसतो. पू अंगावर काढू नये, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पुढच्या बैठकीला वहीत सह्या करताना एकमेकींची बोटं जरा बघा. एखादीने बोट पदराआड लपवलं असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.