‘डील ऑर नो डील’ : पेट्यांचा खेळ, बँकरचा भाव आणि आपला विवेक

‘डील ऑर नो डील’ हा दूरचित्रवाणीवरील बक्षिसांचा खेळ आहे. त्याचे मूळ नेदरलँड्समध्ये. एंडेमॉल या कंपनीने तो तयार केला आणि पुढे अनेक देशांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर तो डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाला. भारतात त्याच वर्षी सोनी वाहिनीवर ‘डील या नो डील’ आले, सुरुवातीला आर. माधवन आणि नंतर मंदिरा बेदी यांनी त्याचे सूत्रसंचालन केले. या खेळात सामान्यज्ञानाचा एकही प्रश्न नसतो. मग स्पर्धक नेमके काय करतो, हे समजून घेऊ.

खेळाची रचना

अमेरिकी आवृत्तीत २६ बंद पेट्या असतात. त्यांत १ सेंटपासून १० लाख डॉलरपर्यंतच्या २६ वेगवेगळ्या रकमा असतात. स्पर्धक एक पेटी स्वतःसाठी निवडतो, ती बंदच राहते. मग उरलेल्या पेट्या तो फेरीफेरीने उघडतो : आधी ६, मग ५, ४, ३, २ आणि त्यानंतर एकेक. उघडलेली रक्कम फलकावरून जाते. प्रत्येक फेरीनंतर पडद्याआडचा ‘बँकर’ फोनवरून भाव सांगतो : ‘इतके पैसे घ्या आणि पेटी आम्हाला द्या.’ स्वीकारले तर डील, खेळ संपला. नाकारले तर पुढची फेरी. शेवटपर्यंत नकार दिला, तर पेटीत असेल ते मिळते.

भाव कसा ठरतो?

२६ रकमांची सरासरी सुमारे १,३१,४७७ डॉलर येते. पण त्यांतील १३ रकमा ७५० डॉलर किंवा त्याहून कमी आहेत. मूठभर मोठ्या रकमांमुळे सरासरी फुगते. आपल्या पेटीत १० लाख असण्याची शक्यता सुरुवातीला २६ मध्ये १ इतकीच असते.

बँकरचा भाव उरलेल्या रकमांच्या सरासरीशी जोडलेला असतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो सरासरीपेक्षा बराच कमी असतो, शेवटाकडे सरासरीच्या जवळ येतो. यामागचे कारण साधे : स्पर्धक पहिल्याच फेरीत पैसे घेऊन गेला, तर कार्यक्रम कसला?

एक उदाहरण घेऊ. चार रकमा उरल्या आहेत : ५, ४००, १०,००० आणि ३,००,००० डॉलर. सरासरी सुमारे ७७,६०० आणि बँकर ६०,००० देतो आहे. पुढच्या पेटीत ३ लाख निघाले, तर उरलेल्यांची सरासरी थेट ३,४६८ वर कोसळते. ५ डॉलर निघाले, तर ती १,०३,००० च्या पुढे जाते. गणित ‘थांबा’ म्हणेल. पण डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला हातात येणारे ६०,००० अधिक मोलाचे असू शकतात. गरज जितकी मोठी, तितका कमी भावही पटतो. घासाघीस कुठलीही असो, समोरच्याला हे ठाऊक असते.

‘लकी नंबर’चा भ्रम

अनेकजण जन्मतारखेच्या किंवा ‘शुभ’ आकड्याची पेटी निवडतात. रकमा खेळाआधीच पेट्यांत ठेवलेल्या असतात; आकडा, नवस, प्रार्थना यांनी त्या बदलत नाहीत. दोनच पेट्या उरल्यावर अदलाबदल केली तरी फायदा नाही, कारण बाकीच्या पेट्या कुणी जाणूनबुजून नव्हे, तर आंधळेपणाने उघडलेल्या असतात. दैव नाकारून कार्यकारणभाव पाहायला शिकवणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी इथे फसू नये.

मन कुठे घसरते?

थिएरी पोस्ट, मार्टिन व्हान डेन आसेम, गुइडो बाल्टुसेन आणि रिचर्ड थेलर यांनी नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतील १५१ स्पर्धकांचे निर्णय तपासले. त्यांचा लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या रकमा गमावलेले स्पर्धक अधिक धोका पत्करतात, आणि अपेक्षेपेक्षा चांगले घडलेलेही तसेच करतात, असे त्यांना आढळले. म्हणजे निर्णय समोरच्या भावापेक्षा नुकत्याच झालेल्या दुःखातून किंवा आनंदातून होतो. वेदनेतून तृष्णा उपजते, हे तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात सांगितलेच आहे.

हा जुगार आहे का?

स्पर्धक स्वतःचा पैसा लावत नाही, म्हणून रूढ अर्थाने नाही. सर्वांत वाईट निकालातही तो घरून आणलेले काही गमावत नाही. मोबाइलवरील पैजेच्या ॲपमध्ये मात्र स्वतःची कमाई जाते आणि ‘गेलेले परत मिळवू’ हीच घसरण तिथे घर बुडवते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, तो याच पार्श्वभूमीवर.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : जिंकणारा वैर ओढवतो, हरणारा शोक करतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि विवाहासाठी कुणी पसंत करत नाही. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून.

तरुण मित्रांनो, हा खेळ जरूर पाहा. पण पाहताना वहीत उरलेल्या रकमा मांडा, सरासरी काढा आणि बँकरचा भाव तिच्याशी ताडून बघा. उद्या जमिनीचा, पगाराचा किंवा कर्जाचा सौदा समोर येईल, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

नमो बुद्धाय, जय भीम!