रंगूनचा विसरलेला जंतु

नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलें म्हणजे आमच्या बारामती-इंदापूरकडे चिखलांत उभा राहून उसाला दारें धरणारा शेतकरी जागोजाग दिसतो. ओल्या मातींत, विशेषतः पूर्वेकडील देशांच्या भातखाचरांत, राहणाऱ्या एका जंतूची हकीकत आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे; इतिहास शिकवून निवृत्त झालेला शाळामास्तर आहें.

यकृतांत गळू झालें कीं तें आमांशाच्या अमीबाचेंच, असें समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अगदींच निराधार नाहीं. १९१२ सालीं कलकत्त्यास डॉ. लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटीनच्या सुईचा गुण दाखवून दिला आणि असे पुष्कळ रोगी वांचूं लागले.

परंतु त्याच १९१२ सालीं रंगूनचे आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनीं ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्यें एका नव्याच रोगाचें वर्णन छापलें. मॉर्फियाची सुई टोंचून घेणारीं, अस्थिपंजर झालेलीं माणसें तापानें मरत. प्रेत उघडून पाहतां फुप्फुसांत, यकृतांत, प्लीहेंत पुवाच्या गांठी आढळत. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाच्या जंतूशीं या जंतूचें फार साम्य. भेद एवढाच कीं हा चपळपणें हालचाल करी, तो करीत नसे. १९२१ सालीं रोगास ‘मेलिऑयडोसिस’ हें नांव मिळालें. कोणी त्याला व्हिटमोरचा रोग म्हणूं लागले. कृष्णस्वामींचें नांव मात्र गळालें. मला तें बोंचतें.

ब्रह्मदेश तेव्हां हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखालीं होता. तरीही भारतांतील अगदीं पहिल्या रोग्यांत ज्याची गणना होते, त्या महाराष्ट्रीय मुलाची नोंद प्रसिद्ध व्हावयास १९९१ साल उजाडलें! मधलीं ऐंशी वर्षें जंतु झोंपला होता काय? माझ्या मतें तो होताच. फक्त क्षयाच्या नाहीं तर अमीबाच्या नांवावर खपत होता.

तो पायाच्या जखमेंतून किंवा श्वासावाटे शिरतो आणि मधुमेह्यांना अधिक गांठतो. पुवाचें कल्चर केल्यावांचून तो ओळखतां येत नाहीं. कल्चरमध्यें उगवला तरी कित्येकदां बाहेरचा मळ समजून टाकून देतात. एमेटीन त्याच्यापुढें व्यर्थ. १९८९ सालीं सयामांत सेफ्टाझिडिम या औषधानें मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावर आणलें. निदान दहा ते चौदा दिवस हें शिरेंतून देतात व पुढें तीन महिने गोळ्या. ताप गेला म्हणून त्या मध्येंच सोडल्या, तर जंतु पुन्हां उचल खातो.